विश्लेषण : प्रेसमडचा बायोगॅस, निकेलवरची काजळी आणि बीड... ‘ड्राय रिफॉर्मिंग’ नेमके कुठे अडते?

उसाचा रस स्वच्छ करताना साखर कारखान्यात जो काळपट, ओलसर गाळ उरतो तो प्रेसमड. बीड जिल्ह्यात माजलगाव, गेवराई, केज या पट्ट्यांतील कारखान्यांच्या आवारात गाळप हंगामात त्याचे डोंगर उभे राहतात. आजवर तो ट्रॉलीत भरून शेतात जात असे. आता त्यापासून बायोगॅस आणि पुढे सीबीजी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबून भरलेला जैववायू, तयार करण्याचा आग्रह केंद्र सरकार धरते आहे. या वायूत मिथेनसोबत जवळपास ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेन विकला जातो; कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून बहुतेक ठिकाणी हवेत सोडला जातो. हे दोन्ही वायू एकमेकांशी जोडून रसायनांचा कच्चा माल तयार करणारी एक प्रक्रिया शतकभरापासून माहीत आहे. ती चालते निकेल या स्वस्त धातूवर. आणि अडतेही तिथेच, कारण हा निकेल स्वतःच तयार केलेल्या काजळीखाली गाडला जातो.

ड्राय रिफॉर्मिंग म्हणजे काय?

मिथेनचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू ७५० ते ९०० अंश सेल्सिअसला उत्प्रेरकावर एकत्र आले, की कार्बन मोनॉक्साइडचे दोन आणि हायड्रोजनचे दोन रेणू तयार होतात. या मिश्रणाला सिनगॅस म्हणतात. त्यापासून मिथेनॉल, डायमिथाइल ईथर, ॲसिटिक ॲसिड, कृत्रिम डिझेल असे बरेच काही बनवता येते. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९२८ मध्येच या अभिक्रियेचा अभ्यास केला होता. सिनगॅसपासून द्रव इंधन बनवण्याच्या पद्धतीला नाव मिळाले ते याच जोडीचे.

मिथेनपासून हायड्रोजन बनवण्याची रूढ पद्धत वेगळी आहे. तिच्यात मिथेनबरोबर पाण्याची वाफ वापरतात. अलिबागजवळ थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया तयार होतो तो याच मार्गाने. तिथल्या भट्टीतील नळ्यांमध्येही निकेलचाच उत्प्रेरक असतो. बीडच्या कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या युरियाच्या गोणीमागे अशीच एखादी निकेलने भरलेली भट्टी उभी असते. ड्राय रिफॉर्मिंगमध्ये वाफेची जागा कार्बन डायऑक्साइड घेतो, म्हणून ते ‘ड्राय’, म्हणजे कोरडे.

बीडचा संबंध काय?

बीडची राज्याला ओळख आहे ती ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून. दसरा-दिवाळीनंतर इथल्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पण जिल्ह्यात स्वतःचा ऊस आणि स्वतःचे कारखानेही आहेत. त्यातल्या सहकारी कारखान्यांना केवळ साखरेवर तग धरणे अवघड झाले आहे. आधी सहवीजनिर्मिती आली, मग इथेनॉल आले, आता सीबीजीची पाळी आहे.

केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना जाहीर केली तेव्हा देशभरात ५,००० सीबीजी प्रकल्पांचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात गाडी फार मागे राहिली. त्यानंतर २०२३ मध्ये शहरी गॅस वितरण कंपन्यांसाठी मिश्रणाची सक्ती ठरली : २०२५-२६ मध्ये एक टक्का, पुढच्या दोन वर्षांत अनुक्रमे तीन आणि चार टक्के, आणि २०२८-२९ पासून पाच टक्के. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेले आहे. अडचण आहे ती उरलेल्या वायूची.

साधा हिशेब करू. पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात गाळपाच्या साडेतीन टक्के धरले तर सुमारे १७,५०० टन प्रेसमड निघतो. साधारण २५ टन प्रेसमडमागे एक टन सीबीजी मिळतो असे उद्योगात धरले जाते. म्हणजे वर्षाला सुमारे ७०० टन. बायोगॅसमध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ६० आणि ४० धरले, तर वजनाने मात्र चित्र उलटे होते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू जड असल्यामुळे प्रत्येक टन मिथेनमागे १.८ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या ७०० टनांमागे जवळपास १,३०० टन. विकायच्या मालापेक्षा फेकायचा माल जास्त!

हा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे तो परत हवेत गेला तर नवे प्रदूषण होत नाही, हे खरे. पण भट्ट्या आणि चिमण्यांमधून कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी जगभर पैसा ओतला जात असताना इथे तो वेगळा काढलेला, हातात आलेला असतो आणि सोडून दिला जातो.

कोरडी प्रक्रिया दुष्काळी भागाला सोयीची नाही का?

हा मुद्दा बीडमध्ये लगेच पटतो. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबवावी लागली होती. पाणी न लागणारा रासायनिक प्रकल्प इथे कोणाला नको असेल?

पण यात एक मेख आहे. शेवटी शुद्ध हायड्रोजन हवा असेल, तर ड्राय रिफॉर्मिंगमधून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी अभिक्रिया करावीच लागते. ती धरली, की दोन्ही मार्गांचा पाण्याचा हिशेब सारखाच येतो : एक किलो हायड्रोजनमागे किमान साडेचार लिटर. म्हणजे ‘पाण्याशिवाय हायड्रोजन’ ही घोषणा ऐकायला चांगली असली, तरी तिच्यात तथ्य नाही. पाणी वाचते ते सिनगॅस आहे तसा, कार्बन मोनॉक्साइडसकट वापरला तरच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रूढ पद्धतीत वाफ गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट सोडली जाते. हा अपव्यय नव्हे. जास्तीची वाफ निकेलवर धरणारी काजळी सतत खरवडून काढत असते. ड्राय रिफॉर्मिंगमध्ये पाणी काढून टाकले म्हणजे हा सफाई कामगारच काढून टाकला. मग त्याचे काम उत्प्रेरकाने स्वतः करायचे, आणि सगळे संशोधन फिरते ते याच एका मागणीभोवती.

निकेलवर काजळी का धरते?

मिथेनच्या रेणूत एका कार्बनभोवती चार हायड्रोजन असतात. निकेलच्या पृष्ठभागावर हे हायड्रोजन एकेक करून सुटतात आणि शेवटी नुसता कार्बन उरतो. शेजारी कार्बन डायऑक्साइडपासून सुटलेला ऑक्सिजन तयार असेल, तर तो या कार्बनला उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन दोघे निघून जातात. ऑक्सिजन वेळेवर पोहोचला नाही, तर कार्बन तिथेच बसतो. मग त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. जमा आणि खर्च यांचा हा ताळेबंद आहे. जमेची बाजू किंचित वरचढ झाली तरी काही तासांत उत्प्रेरक काळा ठिक्कर पडतो.

काजळीला आणखी एक वाट आहे. तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडचेच दोन रेणू एकमेकांशी भिडतात आणि त्यातून एक कार्बन डायऑक्साइड आणि एक सुटा कार्बन निघतो. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्याने ती कमी तापमानात, साधारण ७०० अंशांच्या खाली, जोर धरते. मिथेनचे तुटणे मात्र तापमान वाढेल तसे वाढते. त्यामुळे साधारण ५५० ते ७०० अंश हा टापू सर्वात वाईट. तिथे दोन्ही वाटांनी काजळी येते. भट्टी ८०० अंशांवर चालवण्याचे हे एक कारण आहे. पण भट्टी सुरू करताना आणि बंद करताना हा टापू ओलांडावाच लागतो. हा मुद्दा बीडच्या संदर्भात पुढे पुन्हा येईल.

ही काजळी कंदिलाच्या काचेवरच्या काजळीसारखी नुसती वर बसत नाही. कार्बन निकेलच्या कणात विरघळतो, आतून प्रवास करतो आणि कणाच्या मागच्या बाजूने बाहेर पडतो. तिथे त्याचा तंतू वाढू लागतो आणि निकेलचा कण त्या तंतूच्या टोकावर उचलला जातो. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजावा आणि त्याच्या मुळ्यांनी दगड सुटे व्हावेत, तसे हे. तंतू पुरेसे वाढले की ते उत्प्रेरकाच्या गोळ्याच फोडतात. नळीत भुकटी साचते, वायूचा मार्ग अडतो, नळीचा तो भाग जास्त तापतो. रसायनाचा प्रश्न असा बघता बघता नळी फुटण्याचा प्रश्न होतो.

त्यात भर म्हणून निकेलचे कण तापमानाने एकत्र गोळा होतात. निकेल वितळतो १,४५५ अंशांना, पण ५९० अंशांच्या आसपासच त्याचे अणू हलू लागतात. लहान कण जुळून मोठे होतात, आणि मोठ्या कणावर काजळी अधिक सहज धरते. ऱ्होडियम, रुथेनियम, प्लॅटिनम हे धातू या बाबतीत सरस आहेत. त्यांच्यावर कार्बन फारसा बसत नाही. पण त्यांच्या किमती निकेलच्या शेकडो ते हजारो पट आहेत. उसाच्या गाळापासून वायू बनवणाऱ्या कारखान्याला ते परवडणारे नाहीत.

काजळीला दाद न देणारा निकेल कसा बनवतात?

चुलीवर पातेले चढवण्याआधी बुडाला राख-मातीचा लेप देण्याची रीत खेड्यात आजही दिसते. काजळी धरतेच, पण ती भांड्याला चिकटत नाही. निकेलच्या बाबतीत अशा तीन-चार युक्त्या आहेत, आणि चांगल्या उत्प्रेरकात त्या एकत्र वापरलेल्या असतात.

पहिली युक्ती कण लहान ठेवण्याची. कार्बनचा तंतू सुरू व्हायला निकेलच्या शेजारी-शेजारी असलेल्या बऱ्याच अणूंचे मोकळे पटांगण लागते. मूळ अभिक्रिया मात्र गल्लीबोळातही होते. कण दहा नॅनोमीटरच्या खाली राहिले तर पटांगणच मिळत नाही. प्रश्न असा की ८०० अंशांवर ते लहान राहतील कसे? त्यासाठी त्यांना आधारात घट्ट रोवावे लागते.

इथे पुण्याचे नाव घ्यावे लागते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. व्ही. आर. चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात निकेल ऑक्साइडला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या ऑक्साइडची जोड देऊन मिथेनपासून सिनगॅस बनवण्यावर सातत्याने काम केले. निकेल आणि मॅग्नेशियम या दोघांच्या ऑक्साइडची स्फटिकरचना एकसारखी आणि आयनांचे आकारमानही जवळपास सारखे. त्यामुळे मीठ-साखर मिसळल्यासारखे ते नुसते शेजारी राहत नाहीत, एकाच स्फटिकात मुरतात. हायड्रोजनच्या झोतात तापवले की या स्फटिकातून निकेलचे अगदी बारीक कण बाहेर येतात आणि पाय मात्र आत रुतलेले राहतात. शिवाय मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे ऑक्साइड अल्कधर्मी असल्याने आम्लधर्मी कार्बन डायऑक्साइडला जवळ ओढून धरतात. म्हणजे काजळी उचलणारा ऑक्सिजन दाराशीच उभा.

चौधरी यांच्या गटाचा १९९४ चा एक शोधनिबंध ‘अँगेवांटे केमी’ या नामांकित जर्मन नियतकालिकात आला होता. त्यातली कल्पना व्यवहारी होती : ड्राय रिफॉर्मिंग प्रचंड उष्णता खाते, तर त्याच नळीत थोडा ऑक्सिजन सोडून मिथेनचा काही भाग अर्धवट जाळावा आणि ती उष्णता तिथल्या तिथे वापरावी. बाहेरून भट्टी पेटवण्याचा खर्च घटतो, आणि ऑक्सिजनमुळे काजळीही कमी होते. पुढे याच गटाने बाजारात मिळणाऱ्या सच्छिद्र सिरॅमिक गोळ्यांवर आधी मॅग्नेशियमसारख्या ऑक्साइडचा थर देऊन मग निकेल चढवण्यावर काम केले. कारखान्याच्या नळीत भुकटी चालत नाही, तिथे दणकट गोळीच लागते. प्रयोगशाळेतले बरेच संशोधन या साध्या गोष्टीकडे काणाडोळा करते. पुण्यात तो झाला नाही.

दुसरी युक्ती स्वतः ऑक्सिजन देणाऱ्या आधाराची. सिरियम ऑक्साइड आपल्या जाळीतला ऑक्सिजन उसना देतो आणि कार्बन डायऑक्साइडकडून परत मिळवतो. लँथॅनमचे ऑक्साइड कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट बनते आणि शेजारच्या निकेलवरचा कार्बन खाते. तिसरी युक्ती मिश्रधातूची : निकेलमध्ये किंचित लोह, कोबाल्ट किंवा कथील मिसळले की पृष्ठभागावरची ती मोकळी पटांगणे मोडतात. ब्रिटनमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये आणखी वेगळा मार्ग दाखवला. पेरोव्स्काइट प्रकारच्या स्फटिकातून निकेल असा बाहेर काढायचा, की प्रत्येक कण खाचेत ठोकलेल्या खुंटीसारखा बसेल. खुंटी हलत नाही, त्यामुळे कार्बनच्या तंतूला तिला उचलता येत नाही.

यातली सर्वाधिक गाजलेली बातमी फेब्रुवारी २०२० ची. दक्षिण कोरियातील काइस्ट संस्थेतील जाफर यावुझ यांच्या गटाने मॅग्नेशियम ऑक्साइडच्या एकसंध स्फटिकांवर निकेल आणि मॉलिब्डेनमचे तीन नॅनोमीटरपेक्षाही लहान कण बसवले. तापवल्यावर हे कण सरकत जाऊन स्फटिकाच्या पायऱ्यांसारख्या कडांवर अडकतात आणि तिथेच स्थिर होतात. आठशे अंशांवर ८५० तासांहून अधिक काळ तो उत्प्रेरक चालला आणि मोजता येईल अशी काजळी धरली नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. म्हणजे काजळीचा प्रश्न तत्त्वतः सुटू शकतो, एवढे सिद्ध झाले आहे.

कारखान्यांच्या पातळीवरही हालचाल आहे. जर्मनीत लिंडे कंपनीने म्युनिकजवळच्या पुलाख येथे २०१५ मध्ये चाचणी संयंत्र सुरू केले आणि बीएएसएफच्या निकेल उत्प्रेरकाच्या जोरावर ही प्रक्रिया बाजारात आणली. तिच्यातही वाफ पूर्णपणे वगळलेली नाही, फक्त कमी केली आहे. ‘ड्राय’ या नावाखाली उद्योगात जे चालते ते बहुधा असे ‘कमी ओले’च असते.

मग अडते कुठे? गंधक

वर सांगितलेले बहुतेक प्रयोग सिलिंडरमधल्या शुद्ध मिथेनवर आणि शुद्ध कार्बन डायऑक्साइडवर झालेले आहेत. प्रेसमडचा वायू तसा नसतो. महाराष्ट्रातील बहुतेक कारखाने पांढरी साखर बनवण्यासाठी गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. त्यातला काही भाग चुन्याशी जुळून गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये, उतरतो. बायोगॅसच्या टाकीतील जिवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात, सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये सल्फेट भरपूर असल्याने तिथे हे प्रमाण आणखी वाढते.

निकेलला गंधक अजिबात चालत नाही. गंधकाचा अणू निकेलवर बसला की सहजासहजी हलत नाही. ड्राय रिफॉर्मिंगसाठी वायूतील गंधक दहा लाख भागांत एक भाग किंवा त्याहून कमी असावे लागते. इथे एक बारकावा आहे, जो प्रकल्प अहवालांत निसटू शकतो. सीबीजीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १६०८७) घनमीटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत गंधक चालते. हायड्रोजन सल्फाइड धरून हिशेब केला, तर ते दहा लाखांत साधारण १४ भाग होते. म्हणजे वाहनात भरायला पूर्णपणे योग्य असलेला ‘शुद्ध’ वायूही निकेलसाठी विषारीच. त्याच्यापुढे झिंक ऑक्साइडचा आणखी एक गाळणीथर लावावा लागतो, जो खत कारखान्यांत नेहमीच असतो. तो थर भरला की बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च दरवर्षीचा असतो.

गंमत अशी की हेच गंधक एके काळी औषध म्हणूनही वापरले गेले. डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीच्या एका पद्धतीत वायूत मुद्दाम मोजून गंधक सोडतात. ते निकेलचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग अडवते. उरलेल्या तुकड्यांवर काजळीला जागा मिळत नाही, अभिक्रिया मात्र मंद गतीने चालू राहते. अमेरिकेत टेक्सास सिटी येथे १९८० च्या दशकात ती प्रत्यक्ष वापरातही आली. पण त्यासाठी गंधकाचे प्रमाण काटेकोर सांभाळावे लागते. प्रेसमडच्या वायूत ते ढिगागणिक बदलते.

हंगामाचे काय?

दुसरी अडचण कॅलेंडरची आहे. कारखाना चार-पाच महिने चालतो. पट्टा पडला की चिमणी थंड. प्रेसमड साठवून वर्षभर वापरायचा, तर उघड्यावर तो सडतो आणि त्यातला वायू आधीच उडून जातो. शिवाय गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात उसाचीच टंचाई होऊन हंगाम आखडल्याचे दिसले आहे.

कोरियातील त्या गाजलेल्या प्रयोगाचे ८५० तास म्हणजे ३५ दिवस. १२० दिवसांच्या हंगामाचे होतात २,८८० तास. खत कारखान्यातील निकेल उत्प्रेरक काही वर्षे टिकतो, हा उद्योगाचा खरा मापदंड. आणि बीडमध्ये नुसते तास मोजून भागणार नाही. वीज गेली, उसाच्या गाड्या खोळंबल्या, टाकीतील जिवाणू बिघडले, असे काहीही झाले की भट्टी थांबते. प्रत्येक थांब्याला ती ५५० ते ७०० अंशांच्या त्या वाईट टापूतून खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. त्यात हवा शिरली तर निकेलचे पुन्हा ऑक्साइड होते आणि मॅग्नेशियमच्या स्फटिकात परत मुरते. त्याला बाहेर काढायला हायड्रोजन आणि ८०० अंशांची उष्णता लागते. ती कारखान्यावर कुठून आणायची? सलग चालणाऱ्या भट्टीत उत्तम ठरलेला उत्प्रेरक अशा धरसोडीत टिकेलच असे नाही.

वायूच्या प्रमाणाचाही प्रश्न आहे. अभिक्रियेला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड समसमान लागतात; बायोगॅसमध्ये ते ६० आणि ४० असतात. आहे तसा वायू नळीत सोडला तर मिथेन वरचढ ठरतो, म्हणजे काजळीला आमंत्रणच. दोन मार्ग आहेत. एक तर त्या जादा २० भागांपुरती वाफ सोडायची. मग प्रक्रिया पूर्ण कोरडी राहत नाही, पण सुरक्षित होते. नाही तर जादा मिथेन बाजूला काढून भट्टीत जाळायचा. कागदावर हा दुसरा मार्ग छान जुळतो : ४० भागांच्या अभिक्रियेला जी उष्णता लागते, तिच्या साधारण दीडपट उष्णता उरलेले २० भाग जाळून मिळते. प्रत्यक्षात भट्टीतून वाया जाणारी उष्णता धरली की हातात फारसे उरत नाही.

हे सगळे परवडेल का?

वर काढलेल्या हिशेबातील कारखान्याला दिवसाला सरासरी दोन टन मिथेन मिळतो. सिनगॅसचे मोठे प्रकल्प यापेक्षा कितीतरी पट मोठे असतात. ९०० अंशांच्या नळ्या, महाग मिश्रधातू, आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा रंग-वास नसलेला जीवघेणा वायू हाताळण्याची सुरक्षा यंत्रणा प्रकल्प लहान आहे म्हणून स्वस्तात मिळत नाही.

आणि सिनगॅस विकायचा कोणाला? तो नळातून आसपासच्या गावांत देता येत नाही. एनसीएलने पुण्यात मिथेनॉलपासून डायमिथाइल ईथर बनवण्याचा दिवसाला २० ते २४ किलो क्षमतेचा पथदर्शी प्रकल्प उभारला आहे. हे ईथर स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळता येते, आणि ड्राय रिफॉर्मिंगच्या सिनगॅसचे समसमान प्रमाण त्याला अगदी सोयीचे आहे. गावच्या कारखान्याचा गॅस गावच्या सिलिंडरमध्ये, ही कल्पना आकर्षक आहे. पण सगळे काही पाठ्यपुस्तकाप्रमाणे घडले तरी मूळ ७०० टन मिथेनमधील ऊर्जेच्या तीन चतुर्थांशाहून थोडी कमीच ऊर्जा ईथरमध्ये उतरते. नुसते इंधनच विकायचे असेल, तर मिथेन आहे तसा विकणे फायद्याचे. ड्राय रिफॉर्मिंगला अर्थ येतो तो इंधनापेक्षा महाग रसायन बनवले तर, किंवा वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडचे कोणी पैसे मोजले तर.

म्हणून आज एखाद्या सहकारी कारखान्याने कर्ज काढून असा प्रकल्प उभारणे घाईचे ठरेल. अशा कर्जाचा बोजा शेवटी उसाच्या बिलावर येतो आणि बिल थकले की त्याची झळ शेतकऱ्यापासून वाहतूकदारापर्यंत आणि तोडणीच्या टोळीपर्यंत पोहोचते. तोवर कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून शीतपेयांसाठी किंवा शुष्क बर्फासाठी विकणे हा कमी जोखमीचा मार्ग उपलब्ध आहे. प्रेसमडमधून वायू काढल्यावर उरलेला गाळ खत म्हणून शेतात परत गेला पाहिजे, ही अटही कोणी विसरू नये. मराठवाड्याच्या जमिनीला सेंद्रिय कर्बाची गरज वायूइतकीच आहे.

मग आता करता काय येईल?

महाराष्ट्रात तुकडे सगळे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या ठिकाणी पडले आहेत. उत्प्रेरकाचे ज्ञान पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये आहे. प्रेसमडची जाण मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सीबीजी संयंत्रे बांधण्याचा अनुभव पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजकडे आहे. खरा वायू मात्र माजलगाव-गेवराईच्या पट्ट्यात आहे, आणि निकेलची परीक्षा घ्यायची तर ती तिथेच घ्यावी लागेल. त्यासाठी मोठी भट्टी लागत नाही. चालू असलेल्या सीबीजी संयंत्राच्या मुख्य नळातून एक बारीक फाटा काढून, मनगटाएवढ्या जाडीच्या नळीत काही किलो उत्प्रेरक भरून तो पूर्ण हंगाम चालवता येतो. गंधक रोज मोजायचे, नळीच्या दोन टोकांतील दाबाचा फरक लिहून ठेवायचा, प्रत्येक थांब्याची नोंद करायची आणि पट्टा पडल्यावर नळी उघडून गोळ्या तोलायच्या. वजन वाढले असेल तर ती काजळी. गोळ्यांची भुकटी झाली असेल, तर पुढच्या हंगामाआधी आधाराचे द्रव्य बदलायचे आणि पुन्हा भरायचे.